ब्युनोस आयर्स पहिल्यांदा बघताना: आधी दक्षिण, मग उत्तर

ब्युनोस आयर्सला जाणाऱ्या बहुतेकांची यादी ठरलेली असते: रंगीत पत्र्यांची घरं, टँगो नाच, राष्ट्राध्यक्षाची पत्नी एवा पेरॉनची कबर आणि नाट्यगृहात थाटलेलं ते पुस्तकांचं दुकान. मग नकाशावर जे जवळ दिसेल ते आधी बघितलं जातं. तसं बघूनही शहर आवडतं, यात वाद नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाने सांगणं असतं की हे शहर ज्या दिशेने सरकलं त्याच दिशेने बघा. आधी दक्षिण, मग उत्तर.

त्याचं कारण १८७१ सालात आहे. त्या वर्षी इथे पीतज्वराची साथ आली. शहराची वस्ती तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि काही महिन्यांत सुमारे १४ हजार माणसं गेली. हा रोग डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दक्षिणेकडच्या सखल भागाची हवाच वाईट, असा समज झाला. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी दक्षिणेतले वाडे सोडले आणि उत्तरेच्या उंचवट्यावर नवी घरं बांधली. रिकाम्या वाड्यांत पुढच्या काही दशकांत इटली आणि स्पेनहून बोटींनी आलेली गरीब कुटुंबं एकेका खोलीत राहू लागली. दक्षिणेतल्या सान तेल्मोच्या पडक्या श्रीमंतीचा आणि उत्तरेतल्या रेकोलेताच्या संगमरवराचा अर्थ या एका घटनेपाशी येऊन मिळतो. उत्तर आधी बघितली तर ती नुसतीच युरोपसारखी देखणी दिसते.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना व्हिसाची तजवीज आधी करावी लागते. अर्जेंटिनाचा महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. अमेरिकेचा व्हिसा आधीच असलेल्यांसाठी नियम सैल झाले आहेत, पण ते बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाचं संकेतस्थळ वाचा.

पीतज्वराची लस विसरू नका. भारतात परत येताना अर्जेंटिना किंवा ब्राझीलहून आलेल्या प्रवाशांकडे तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

ऋतू आपल्या उलट आहेत. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चालायला उत्तम. त्यातही नोव्हेंबर मिळाला तर सोडू नका, कारण तेव्हा जॅकरंडा फुलतो आणि रस्तेच्या रस्ते जांभळे होतात. कार्लोस थाइस नावाच्या फ्रान्समध्ये जन्मलेल्या उद्यानरचनाकाराने ही झाडं शहरभर लावली. पालेर्मो वस्तीतलं वनस्पती उद्यान १८९८ सालचं, तेही त्याचंच.

मुक्काम असा धरा की एक गुरुवार आणि एक रविवार पदरात पडेल. का ते पुढे येईलच.

शहर वाचायला शिका

पहिल्या संध्याकाळी अर्धा तास नकाशा घेऊन बसा. शहराचा जुना भाग बुद्धिबळाच्या पटासारखा आखलेला आहे. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या अंतराला क्वाद्रा म्हणतात आणि ते साधारण १०० मीटर भरतं. रस्ता विचारला की लोक ‘सहा क्वाद्रा सरळ, मग दोन उजवीकडे’ असंच सांगतात. घरांचे क्रमांकही दर क्वाद्राला शंभराने वाढतात. रिवादाविया हा पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता म्हणजे शून्याची रेघ. तिला छेदणाऱ्या रस्त्यांची मोजणी तिच्यापासून सुरू होते आणि ती ओलांडताच त्यांची नावंही बदलतात. पेरू रस्ता पलीकडे फ्लोरिदा होतो, बोलिवार रस्ता सान मार्तिन होतो. देफेन्सा रस्त्यावरचा हजाराच्या क्रमांकातला पत्ता दिसला की समजायचं, रिवादावियापासून दहा क्वाद्रा दक्षिणेला, म्हणजे एक किलोमीटर चालायचं आहे. एवढं डोक्यात बसलं की फोन खिशात राहतो, आणि या शहरात फोन खिशात राहणं फार चांगलं.

प्रवासासाठी ‘सुबे’ नावाचं कार्ड घ्या. ते मेट्रो, बस आणि लोकल गाड्यांत चालतं. मेट्रोला इथे सुब्ते म्हणतात आणि बसला कोलेक्तिवो. बसमध्ये चढल्यावर आधी चालकाला कुठे उतरायचं ते सांगायचं, तो भाडं ठरवतो, मग कार्ड टेकवायचं. थांब्यावर बस आपोआप थांबत नाही, हात करावा लागतो. मेट्रो रात्री लवकर बंद होते, उशिरा टॅक्सी बोलवा.

पेसो या इथल्या चलनाचे भाव इतके झरझर बदलतात की जुन्या प्रवासवर्णनातल्या किमतींवर विसंबून बजेट बांधू नये. रोख दिल्यास सूट देणारी दुकानं बरीच आहेत, तेव्हा विचारून घ्या.

पहिला दिवस: प्लासा दे मायो

सुरुवात इथूनच, कारण शहराची सुरुवातही इथलीच. १५३६ साली पेद्रो दे मेंदोसाने वसवलेलं ठाणं टिकलं नाही. १५८० साली हुआन दे गाराय याने पुन्हा गाव वसवलं ते या चौकाभोवती. (स्थानिक उच्चारात ‘मायो’चं ‘माशो’ होतं, ऐकून गोंधळू नका.)

चौकाच्या एका टोकाला गुलाबी रंगाचं राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, कासा रोसादा. दुसऱ्या टोकाला पांढरा काबिल्दो, म्हणजे वसाहतकाळातलं नगरभवन. १८१० सालच्या मे महिन्यात स्पेनच्या व्हाइसरॉयला दूर करण्याचा निर्णय इथे झाला. या इमारतीला मूळ ११ कमानी होत्या, आता ५ उरल्या आहेत. एका बाजूच्या कमानी नवा हमरस्ता काढायला पाडल्या, दुसऱ्या बाजूच्या १९३१ साली तिरक्या रस्त्यासाठी. देशाच्या जन्मस्थानाचेच दोन्ही हात वाहतुकीसाठी कापले, हे तिथे उभं राहून बघण्यासारखं आहे.

कॅथेड्रलमध्ये सान मार्तिन या मुक्तिसेनानीची समाधी आहे. पोप फ्रान्सिस पोप होण्यापूर्वी इथलेच आर्चबिशप होते.

आता खाली बघा. मधल्या छोट्या मनोऱ्याभोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले दिसतील. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो तरुण मुलंमुली उचलली गेली आणि परत आली नाहीत. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया या चौकात जमल्या. जमावबंदी होती, घोळका करून उभं राहू नका, चालत राहा, असं पोलिसांनी दरडावलं. त्या खरोखरच चालू लागल्या, मनोऱ्याभोवती गोल. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला ही फेरी आजही निघते. पांढरा रुमाल ही त्यांची खूण. संस्थापकांपैकी असुसेना विशाफ्लोर यांनाही त्याच वर्षी डिसेंबरात पळवून नेण्यात आलं. २००५ साली त्यांचे अवशेष ओळखले गेले आणि त्यांची रक्षा याच मनोऱ्याच्या पायथ्याशी पुरली आहे. म्हणून गुरुवार धरायचा. मागून शांतपणे चालता येतं. फोटो काढायचेच तर दुरून काढा, ही कुणाची करमणूक नाही.

या गोष्टीत खोल जायचं असेल तर एक अर्धा दिवस शहराच्या उत्तर टोकाला, नौदलाच्या जुन्या यांत्रिकी शाळेत ठेवलेल्या स्मृतिसंग्रहालयासाठी ठेवा. सुमारे ५ हजार माणसांना इथे कोंडलं होतं, त्यातली थोडीच जगली. २०२३ साली ही जागा जागतिक वारसा यादीत आली. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

चौक सोडताना अर्थ मंत्रालयाच्या दगडी भिंतीवरचे खड्डे दाखवून घ्या. जून १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉनला हटवण्यासाठी स्वतःच्याच देशाच्या विमानांनी भर दुपारी या चौकावर बॉम्ब टाकले, शेकडो लोक मेले. ते खड्डे बुजवलेले नाहीत.

देफेन्सा रस्त्याने दक्षिणेकडे

चौकातून देफेन्सा रस्ता धरा. पार्के लेसामा या बागेपर्यंत तो पावणेदोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण यासाठी पूर्ण दिवस द्या. माझ्या मते या शहरातला सगळ्यात मोलाचा रस्ता हाच.

त्याचं नाव १८०७ सालच्या संरक्षणावरून पडलं. आपल्याकडे असईची लढाई झाली १८०३ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी इंग्रज फौजा इथे उतरल्या आणि शहर घेतलं. दीड महिन्यात शहराने ते परत मिळवलं. पुढच्या वर्षी इंग्रज पुन्हा आले, तेव्हा लोकांनी गच्च्यांवरून मिळेल त्याचा मारा करून त्यांना गल्ल्यांत अडवलं. सान्तो दोमिंगो चर्चच्या बुरुजावर त्या लढाईच्या गोळ्यांच्या खुणा दाखवतात. अर्जेंटिनाचा ध्वज तयार करणाऱ्या मानुएल बेल्ग्रानोची समाधी याच चर्चच्या अंगणात आहे.

वाटेत उजवीकडे एक क्वाद्रा वळून मान्साना दे लास लुसेस बघा, तो जेझुइट धर्मगुरूंचा जुना इमारतसमूह. तिथलं सान इग्नासिओ हे शहरातलं उभं असलेलं सगळ्यात जुनं चर्च. तिथून जवळच अल्सिना आणि देफेन्साच्या कोपऱ्यावरचं एस्त्रेया नावाचं जुनं औषधाचं दुकान रंगवलेल्या छतासाठी आत जाऊन बघावं.

चिले रस्त्याचा चौक ओलांडला की सान तेल्मो. इथे एक गोष्ट करा: उघड्या दिसलेल्या प्रत्येक जुन्या दारातून आत डोकावा. बाहेरून अरुंद दिसणाऱ्या घरात एकामागून एक अशी दोन-तीन अंगणं असतात आणि अंगणाभोवती खोल्या. श्रीमंत गेल्यावर यातल्या प्रत्येक खोलीत एक कुटुंब राहू लागलं, नळ आणि संडास सामाईक. अशा घराला कोन्वेन्तिशो म्हणत. आपली गिरणगावची चाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त मालकाच्या जुन्या वाड्यात भरलेली. १९०७ साली भाडेवाढीविरुद्ध इथल्या हजारो भाडेकरूंनी संप केला, आणि त्यात बायका-मुलं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. पासाखे दे ला देफेन्सा नावाच्या घरात आता दुकानं आहेत, तिथे अंगणांची रचना मोकळेपणी बघता येते. सान लोरेन्सो गल्लीतलं जेमतेम अडीच मीटर रुंद घरही बघून घ्या, आणि त्याच परिसरात एल सान्होन या जुन्या घराखालचे विटांचे बोगदे. ते मार्गदर्शकाबरोबरच बघता येतात.

१८९७ सालचा सान तेल्मोचा बाजार लोखंडी खांबांचा आणि काचेच्या छताचा आहे. आत भाजी, मांस, जुनी भांडी आणि हल्ली बरीच खाण्याची दुकानं.

रविवार इथे घालवायचा. प्लासा दोरेगोमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो १९७० पासून. होसे मारिया पेन्या या वास्तुरचनाकाराने तो सुरू केला, हेतू हा की लोकांनी पडझड झालेल्या या वस्तीकडे पुन्हा वळून बघावं. आज देफेन्सावर मैलभर पथाऱ्या लागतात, त्यातल्या बऱ्याच नेहमीच्या पर्यटकी मालाच्या. खऱ्या जुन्या वस्तू चौकाच्या आत असतात. सकाळी दहाच्या सुमारास पोचा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर कान्दोम्बेचे ढोल घुमू लागतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचं हे संगीत, आणि या वस्तीत त्यांची मोठी संख्या होती हे शहर बराच काळ विसरून गेलं होतं. ढोलांसाठी थांबाच. आणि एखाद्या आडवारी परत येऊन रिकामं सान तेल्मोही बघा.

ला बोका: दिवसाउजेडी, अर्धा दिवस

ला बोका या जुन्या गोदीच्या वस्तीला मेट्रो नाही. प्लासा दे मायोच्या बाजूने २९ किंवा १५२ क्रमांकाची बस किंवा टॅक्सी घ्या. सान तेल्मोहून चालत जाऊ नका, मधला पट्टा नवख्यांसाठी बरा नाही.

जेनोवाहून आलेले खलाशी आणि गोदी कामगार इथे राहिले. घरं लाकडाची आणि पन्हळी पत्र्यांची, त्यांना बोटींचा उरलेला रंग. कामिनितो ही आज दिसणारी रंगीत गल्ली मात्र बेनितो किन्केला मार्तिन या चित्रकारामुळे आहे. १८९० साली अनाथालयाच्या दारात ठेवलेलं हे मूल कोळसेवाल्या कुटुंबाने वाढवलं. पोरवयात गोदीत कोळशाच्या गोण्या वाहिल्या, पुढे त्याच गोदीची चित्रं रंगवून नाव कमावलं, आणि मिळालेल्या पैशातून वस्तीला शाळा आणि संग्रहालय दिलं. ओसाड पडलेल्या रेल्वेच्या पट्टीचं त्याने रंगवून रस्त्यावरचं संग्रहालय केलं, ते १९५९ साली रीतसर खुलं झालं.

लोक गल्लीत फोटो काढून परततात, ते करू नका. नदीकाठचं किन्केलाचं संग्रहालय हे ला बोकाचं खरं दार आहे. त्याची गोदीची मोठी चित्रं बघा, मग गच्चीवर जाऊन तीच गोदी, रिआचुएलो नदीचं काळं पाणी आणि १९१४ सालचा लोखंडी वाहक पूल बघा. फुटबॉलवेड्यांसाठी बोका ज्युनियर्सचं १९४० सालचं मैदान चार-पाच क्वाद्रांवर आहे. टँगोच्या वेषातले लोक फोटोसाठी पैसे मागतात, आधी विचारा. गर्दीचे रस्ते सोडून आत शिरू नका आणि ऊन उतरण्यापूर्वी परता.

आवेनिदा दे मायो, आणि खाण्याबद्दल थोडं

प्लासा दे मायोपासून संसदेपर्यंत जाणारा हा हमरस्ता १८९४ सालचा. याच्याखालून धावणारी सुब्तेची ‘अ’ मार्गिका १९१३ साली सुरू झाली, दक्षिण अमेरिकेतली पहिली. पेरू स्थानकात उतरा, ते जुन्या वळणाचं राखलं आहे. १८५८ सालच्या कॅफे तोर्तोनीसमोर रांग असते. रांग लांब असेल तर बिनधास्त पुढे जा. शहराने जपणूक करण्यासारख्या जुन्या कॅफेंची अधिकृत यादी केली आहे आणि असे कितीतरी कॅफे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. सान तेल्मोतला एल फेदेराल मला तोर्तोनीपेक्षा जिवंत वाटतो. एक कॉफी घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

पालासिओ बारोलो चुकवू नका. १९२३ सालची ही इमारत मारिओ पालान्ती याने दांतेच्या महाकाव्यावर बेतली: तळाशी नरक, मधे शुद्धिलोक, वर स्वर्ग आणि माथ्यावर दिवा. काव्याचे १०० सर्ग म्हणून उंची १०० मीटर. संध्याकाळची फेरी आधी नोंदवा.

शाकाहारी लोकांची इथे उपासमार होत नाही. फुगासेता हा कांदा आणि चीजचा जाड पिझ्झा, मक्याच्या सारणाची करंजीसारखी एम्पानादा, आणि फाइना ही चण्याच्या पिठाची पोळी, जी पिझ्झ्यावर ठेवून खातात. कोरिएन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियात काउंटरपाशी उभ्याने खा, तीच इथली रीत. मात्र नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण मांस म्हणजे गोमांस असाच अर्थ घेतात. हॅम नको, कोंबडी नको, मासे नको, असं एकेक सांगा. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळण्याची आशा धरू नका.

उत्तरेकडे

आता उत्तर. कोलोन नाट्यगृह २५ मे १९०८ रोजी उघडलं. बांधायला जवळपास वीस वर्षं लागली, पहिला वास्तुरचनाकार मधेच वारला, दुसऱ्याचा खून झाला, तिसऱ्याने ते पुरं केलं. दिवसा मार्गदर्शित फेरी असते, पण जमलं तर प्रयोगच बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर उभ्याने बघायची तिकिटं स्वस्त असतात आणि आवाज तिथेही तितकाच स्वच्छ पोचतो.

रेकोलेताचं कब्रस्तान १८२२ सालचं. साथीनंतर इथे आलेल्या श्रीमंतांनी आपल्या मृतांसाठीही वाडेच बांधले. एवा पेरॉनची कबर शोधताना ‘दुआर्ते’ हे माहेरचं नाव शोधा. १९५२ साली ती वारली. पेरॉनची सत्ता गेल्यावर तिचा देह लष्कराने पळवला, इटलीत खोट्या नावाने पुरला आणि १९७६ साली तो इथे विसावला. गर्दी तिथेच असते. त्यानंतर राउल आल्फोन्सिन यांची समाधीही शोधा. १९८३ साली लोकशाही परत आली ती त्यांच्या निवडीने.

सान्ता फे रस्त्यावरचं एल आतेनेओ हे १९१९ सालच्या नाट्यगृहातलं पुस्तकांचं दुकान. पडदा, सज्जे, रंगवलेला घुमट, सगळं जागच्या जागी आहे. सज्ज्यांत बसून पुस्तक चाळता येतं.

पीतज्वराने गेलेल्यांना रेकोलेतात जागा मिळाली नाही. त्यांच्यासाठी शहराबाहेर चाकारिता कब्रस्तान काढलं आणि मढी वाहायला खास रेल्वे चालवली. म्हणून रेकोलेतानंतर सुब्तेच्या ‘ब’ मार्गिकेने लाक्रोसे स्थानकावर उतरून चाकारिताही बघा. इथे टँगोगायक कार्लोस गार्देलची समाधी आहे. त्याच्या पुतळ्याच्या बोटांत लोक पेटलेली सिगारेट खोचून जातात. विसाव्या शतकाच्या मध्यात इताला फुल्विया विशा या बाईने रचलेलं, जमिनीखाली मजल्यामजल्यांनी उतरणारं दफनस्थानही इथेच आहे. पर्यटक इथे क्वचितच पोचतात.

संध्याकाळ मिलोंगात

जेवणासकट टँगोचा खेळ विकणारी सभागृहं पुष्कळ आहेत. मी म्हणेन, मिलोंगा गाठा, म्हणजे जिथे शहरातले लोक स्वतः नाचायला येतात. अकराच्या आधी रंग चढत नाही. नाचता येत नसेल तर टेबलापाशी बसून बघायला कुणाची हरकत नसते, आणि बऱ्याच ठिकाणी आधी नवख्यांसाठी शिकवणीचा तास असतो. तीन-चार गाण्यांचा एक संच, मग मधे वेगळ्याच संगीताचा तुकडा, तेव्हा सगळे जागेवर परततात. नाचायचं आमंत्रण लांबून नजरेने आणि मानेच्या हलक्या झुकावाने देतात. म्हणून नुसतं बघायला आलात तर कुणाकडे टक लावून पाहू नका, आणि नाच चालू असताना नाचाच्या जागेतून आडवे जाऊ नका.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर

रेतिरो स्थानकातून तिग्रेकडे जाणारी लोकल पकडून सान इसिद्रोला उतरा. १९२४ सालच्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ टागोर पेरूला जाताना आजारी पडले आणि या गावात, नदीकाठच्या मिरालरिओ नावाच्या घरात राहिले. त्यांची सगळी काळजी लेखिका विक्तोरिया ओकाम्पो यांनी घेतली. पुढच्या वर्षी टागोरांनी ‘पूरबी’ हा कवितासंग्रह ओकाम्पो यांना ‘विजया’ या नावाने अर्पण केला. ओकाम्पो यांचा स्वतःचा वाडा बागेसकट आता बघता येतो, स्थानकापासून टॅक्सीने थोड्या वेळात पोचता. तो रोज उघडा नसतो, तेव्हा वार बघूनच निघा, आणि परतीच्या गाडीआधी सान इसिद्रोच्या दगडी गल्ल्यांतून नदीपर्यंत उतरून या.